बाई, तो ठिपका कुठे होता?

एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं संक्षिप्त करून देते आहे.

"ताई, मी शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात विश्वाच्या उत्पत्तीचा पाठ घेतला. फळ्यावर मधोमध एक ठिपका काढला, त्याच्यापासून चारी दिशांना बाण काढले आणि सांगितलं, सुरुवातीला सगळं विश्व या ठिपक्यात होतं, मग प्रचंड स्फोट झाला आणि त्याचे तुकडे अजून रिकाम्या जागेत दूर पळताहेत. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, 'बाई, तो ठिपका कुठे होता?' मी म्हणाले, 'विश्वाच्या मध्यभागी.' तिनं लगेच विचारलं, 'मग तो मध्य आकाशात कुठल्या बाजूला येतो? आपल्याला तिकडे बघता येईल?' मला उत्तर सुचेना. तास संपत आला होता, मुलं हसायला लागली आणि मी म्हणून गेले, 'परीक्षेत येणार नाही ते विचारू नकोस, बस खाली.' त्यानंतर तिनं एकदाही हात वर केलेला नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की विश्वाला मध्य नाही. का नाही, ते मात्र अजून उमगलेलं नाही. आता वर्गात जाऊन 'मी चुकले' म्हणावं का? मुलांचा माझ्यावरचा विश्वास उडेल का? आणि म्हटलंच, तर त्यापुढे काय सांगू?"

नमस्कार बाई,

हो, म्हणा. पुढच्याच तासाला म्हणा. तुमच्या पत्रात खरं तर दोन गोष्टी आहेत. फळ्यावर चुकीचं चित्र काढलं गेलं, ही एक. ते चित्र तपासून बघणाऱ्या मुलीला खाली बसवलं गेलं, ही दुसरी. पहिली चूक मोठमोठे माहितीपटही करतात, तिचं फार मनाला लावून घेऊ नका. दुसरी मात्र लागू द्या. ती सगळ्या वर्गासमोर घडली, म्हणून सगळ्या वर्गासमोरच ती दुरुस्त व्हायला हवी. मधल्या सुट्टीत तिला एकटीला बोलावून समजूत काढलीत, तर हसलेली मुलं तिथे नसतील आणि तिला पुन्हा हात वर करायचा आहे तो त्यांच्याच देखत.

तिनं काय केलं ते जरा बघा. तुमचं चित्र तिनं मनापासून खरं मानलं आणि त्याच्या टोकापर्यंत चालत गेली. स्फोट झाला असेल तर तो कुठेतरी झाला असणार. कुठेतरी झाला असेल तर ती जागा आपल्यापासून कुठल्या तरी दिशेला असणार. यात कुठेही गफलत नाही. ती अडकली, कारण चित्रातच रस्ता नव्हता.

ही अडचण निम्मी शब्दातून आली आहे. 'बिग बँग' हे शब्द फ्रेड हॉयल या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवरच्या भाषणात वापरले. हॉयलला हा सिद्धांत मान्यच नव्हता, तो स्थिर स्थितीच्या, म्हणजे कायम सारखंच दिसणाऱ्या, विश्वाचा पुरस्कर्ता. म्हणजे नाव पडलं ते विरोधकाच्या तोंडून. मराठीत आपण त्याचं 'महास्फोट' केलं आणि गोंधळ आणखी वाढला. 'बँग'मध्ये निदान नुसता आवाज आहे. 'स्फोट' म्हटलं की डोळ्यांसमोर अंधारी रिकामी जागा येते, तिच्यात फुटणारा बॉम्ब येतो आणि बाहेर उडणाऱ्या ठिकऱ्या येतात. सिद्धांतात यातलं काहीच नाही. हॉयलचे विद्यार्थी डॉ. जयंत नारळीकर यांनी तर हा सिद्धांत आयुष्यभर प्रश्न विचारून तपासला, पर्यायी मांडणी केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना पुरावा महास्फोटाच्या बाजूचा वाटतो, मलाही वाटतो. पण प्रश्न विचारणाऱ्याला या विषयात मानाची जागा आहे, हे मुलांना त्यांचं उदाहरण देऊन जरूर सांगा.

आता ठिपका पुसून टाका आणि सुरुवात प्रकाशापासून करा, कारण हा शोध लागला तो तिथूनच. व्हेस्टो स्लायफर यानं १९१२ पासून दूरच्या सर्पिलाकार 'तेजोमेघां'चे वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून मिळणारे पट्टे, घ्यायला सुरुवात केली. पहिला घेतला देवयानीचा (अँड्रोमेडाचा). त्यातल्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या निघाल्या, म्हणजे ती आपल्याकडे येत होती. पुढच्या वर्षांत त्यानं जे वर्णपट जमवले, त्यातले बहुतेक मात्र लाल बाजूला सरकलेले होते. यालाच रेडशिफ्ट म्हणतात. हे तेजोमेघ किती दूर आहेत ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची किल्ली हेन्रिएटा लेविट हिच्या हातात होती. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या छायाचित्रपट्ट्या तपासताना तिला दिसलं की सेफिड जातीचे तारे जितके तेजस्वी, तितका त्यांचा उजळण्या-मंदावण्याचा फेरा लांब. १९१२ मध्ये तिनं हे मांडलं. फेरा मोजला की ताऱ्याचं खरं तेज कळतं आणि खरं तेज कळलं की तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं. एडविन हबलला १९२३ मध्ये देवयानीत असा एक तारा सापडला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा स्वतंत्र प्रचंड समूह, आहे हे पक्कं झालं.

मग १९२९ मध्ये हबलनं अंतरं आणि वेग समोरासमोर मांडले. जी दीर्घिका दुप्पट लांब, ती साधारण दुप्पट वेगानं दूर जाते. या कामात त्याचा सोबती होता मिल्टन ह्युमासन. हा माणूस आधी, हबलची वेधशाळा होती त्याच माउंट विल्सनच्या डोंगरावर खेचरांवरून सामान चढवत असे, कॉलेजात गेलेला नव्हता आणि पुढे त्यानं अशा मंद दीर्घिकांचे वर्णपट मिळवले की ते दुसऱ्या कुणाला जमले नसते. हे वर्गात सांगायला विसरू नका. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यानं आइन्स्टाईनच्या समीकरणांतून हाच नियम दोन वर्षं आधी, १९२७ मध्ये काढला होता. म्हणून २०१८ पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं त्याला हबल-लमेत्र नियम म्हणण्याची शिफारस केली आहे.

इथे तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आधीपेक्षा धारदार होऊन. जवळपास सगळ्या दीर्घिका आपल्यापासूनच दूर जात असतील, तर मध्य आपणच का?

याचं उत्तर तोंडी देऊ नका. मीटरभर इलॅस्टिक आणा. दर १० सेंटिमीटरवर पेनानं खूण करा, प्रत्येक खुणेला एक अक्षर द्या. दोन मुलांना टोकं धरायला सांगा आणि इलॅस्टिक हळूहळू ओढून दुप्पट लांब करू द्या. एक खूण 'आपलं घर' ठरवा. शेजारची खूण १० वर होती ती २० वर गेली, म्हणजे १० सेंटिमीटर सरकली. तिच्या पलीकडची २० वरून ४० वर, म्हणजे २० सरकली. त्यापलीकडची ३० वरून ६० वर. वेळ सगळ्यांना सारखाच लागला. दुप्पट अंतर, दुप्पट वेग; तिप्पट अंतर, तिप्पट वेग. हबल-लमेत्र नियम मुलांच्या हातात आला. आता त्या मुलीला विचारा, घर म्हणून दुसरी कुठली खूण घेऊ? ती जी सांगेल ती घ्या आणि तेच आकडे पुन्हा मोजा. तंतोतंत तेच येतील. प्रत्येक खुणेला वाटतं की मी मध्यावर आहे आणि बाकीच्या माझ्यापासून पळताहेत. जिथे प्रत्येक जण स्वतःला मध्य म्हणू शकतो, तिथे खरा मध्य कुणीच नसतो.

एका ठिकाणी मी स्वतः अडखळले होते, ते आधीच सांगून ठेवते. दोन्ही मुलं सारख्या जोरानं ओढतात तेव्हा इलॅस्टिकची बरोबर मधली खूण जागची हलत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा ओरडला होता, "बाई, मध्य सापडला!" त्या दिवशी मी गडबडले. दुसऱ्या दिवशी एका मुलाला एक टोक पक्कं धरायला लावलं आणि दुसऱ्यालाच ओढायला सांगितलं. या वेळी न हलणारी खूण टोकाला आली. म्हणजे 'न हलणारी' हे आपण वर्गाच्या भिंतींवरून, फरशीवरून ठरवत होतो. विश्वाबाहेर अशी भिंत नाही, फरशी नाही. मोजायचं ते एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचं अंतर, तेवढंच. हे त्या मुलाला पटलं आणि मला वाटतं, मला स्वतःला ते तेव्हाच खऱ्या अर्थानं कळलं.

इलॅस्टिकला टोकं असतात, विश्वाला तशी टोकं असल्याचं कुठेही दिसलेलं नाही, हेही मुलांना सांगून टाका. कुठल्याही उदाहरणाची हद्द कुठे संपते ते सांगितलं की मुलं त्याच्याबाहेर भरकटत नाहीत. मी फुगा वापरत नाही, त्याचं कारणही हेच. फुग्यावरचे ठिपके दाखवले की मुलं लगेच फुग्याच्या आतल्या हवेत मध्य शोधतात आणि त्यात त्यांची चूक नसते.

इलॅस्टिकचा आणखी एक उपयोग आहे. न ताणलेल्या इलॅस्टिकवर लाटेसारखी वळणदार रेघ काढा आणि मग ताणा. लाटेचे उंचवटे एकमेकांपासून लांब जातात. दूरच्या दीर्घिकेतून निघालेला प्रकाश कोट्यवधी वर्षं वाटेत असतो, तेवढ्या काळात अवकाशच ताणलं जातं आणि त्याच्याबरोबर प्रकाशाची लाटही. लांबी वाढली की रंग लालकडे झुकतो. दीर्घिका रिकाम्या जागेतून धावत सुटलेल्या नाहीत, त्यांच्यामधली जागाच वाढते आहे. तुमच्या फळ्यावरच्या बाणांच्या जागी हे एक वाक्य ठेवलंत तरी पुरे.

आता ठिपका. मागे मागे जात राहिलं तर सगळं जवळ जवळ येतं, दाट होतं, तापतं. आज आपल्याला जेवढं विश्व दिसू शकतं, त्याची त्रिज्या सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षं आहे. हा एवढा भाग एके काळी अतिशय लहान जागेत होता, असं म्हणणं बरोबर. 'सगळं विश्व ठिपक्याएवढं होतं' हे म्हणणं बरोबर नाही, कारण दिसतं त्याच्या पलीकडेही विश्व आहे आणि ते कदाचित अमर्याद असेल. अमर्याद असेल तर तेव्हाही अमर्यादच होतं, फक्त सगळीकडे दाट आणि तप्त. म्हणून 'तो ठिपका कुठे होता?' याचं सरळ उत्तर असं आहे: इथेच. तुझ्या बाकाच्या जागी. देवयानीच्या जागीही आणि सगळ्यात दूरच्या दीर्घिकेच्या जागीही. सुरुवात एका ठिकाणी झाली नाही, ती प्रत्येक ठिकाणी झाली.

हे सांगितल्यावर हुशार मूल म्हणेल, कशावरून? तेव्हा १९६४ ची गोष्ट सांगा. आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे अमेरिकेत होल्मडेल इथे एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. तिच्यात एक बारीक खरखर येत होती, ती काही केल्या जाईना. कुठल्याही दिशेला वळवा, दिवस असो की रात्र, खरखर तेवढीच. त्यांनी जोड तपासले, आत घरटं करून राहिलेली कबुतरं हलवली, त्यांची घाण साफ केली, तरी ती होतीच. ती विश्वाच्या बालपणातली ऊब होती. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना ते निवून ३००० केल्विनच्या (निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या अंशांच्या) आसपास आलं, इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रं जोडली जाऊन अणू बनले, तोवर धुक्यासारखं अपारदर्शक असलेलं सगळं पारदर्शक झालं आणि अडकलेला प्रकाश मोकळा सुटला. तेव्हापासून आजवर अवकाश सुमारे ११०० पट ताणलं गेलं आहे. मुलांना भागाकार करू द्या: ३००० भागिले ११००. उत्तर २.७ येतं. आणि आज त्या प्रारणाचं मोजलेलं तापमान आहे २.७२५ केल्विन. फळ्यावर हा भागाकार झाल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मी पाहिली आहे. दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं.

एखाद्या कोपऱ्यात स्फोट झाला असता, तर ही ऊब एका बाजूनं आली असती, किंवा केव्हाच आपल्याला ओलांडून निघून गेली असती. ती सगळीकडून सारखी येते, इतकी सारखी की एका दिशेपासून दुसऱ्या दिशेत फरक साधारण लाखात एका भागाचा. हे बारीक चढउतार कोबी (COBE) उपग्रहानं १९९२ मध्ये टिपले आणि दीर्घिकांची बीजं तीच. अवकाशातल्या प्रत्येक घनसेंटिमीटर जागेत या जुन्या प्रकाशाचे सुमारे ४११ कण आहेत. ओंजळीएवढी, म्हणजे २०० घनसेंटिमीटर जागा धरली तर ८० हजारांच्या वर. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर कार्यक्रम नसताना ज्या मुंग्या दिसायच्या, त्यांतल्या थोड्याशा त्याच होत्या.

विश्वास उडेल का, असं तुम्ही विचारलंत. मी तुम्हाला हबलचाच आकडा सांगते. प्रसरणाचा दर त्यानं दर दहा लाख पार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ५०० किलोमीटर असा काढला होता. आज तो ७० च्या आसपास धरतात. सातपट चूक! त्याच्या दरानं विश्वाचं वय २०० कोटी वर्षांच्या आसपास येत होतं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे निघत होते. आई मुलापेक्षा लहान. हे कुणी झाकून ठेवलं नाही. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यानं दाखवून दिलं की सेफिड तारे दोन प्रकारचे आहेत आणि ते एकच समजल्यामुळे अंतरं निम्मी मोजली गेली. पुढे आणखी दुरुस्त्या होत गेल्या. आज वय १३८० कोटी वर्षं धरलं जातं. आइन्स्टाईननं १९१७ मध्ये विश्व स्थिर राहावं म्हणून आपल्या समीकरणात एक जास्तीचं पद घातलं आणि १९३१ मध्ये ते उघडपणे मागे घेतलं. तेच पद १९९८ मध्ये परत आलं, जेव्हा सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून दिसलं की प्रसरणाचा वेग वाढतो आहे. त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात आणि विश्वातला सुमारे ६८ टक्के हिस्सा तिचा. आजही ऊबेच्या मोजमापातून दर ६७ च्या आसपास येतो आणि ताऱ्यांच्या मोजमापातून ७३ च्या आसपास, आणि दोन्ही बाजूंची माणसं आपापली चूक शोधत बसली आहेत. त्यांच्यावरचा आपला विश्वास उडत नाही. तो त्यामुळेच आहे.

यानंतर प्रश्नांचा पूर येईल, तो थांबवू नका. "मग आपणही फुगतोय का?" असं कुणीतरी विचारेलच. नाही. आपलं शरीर, बाक, पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा, यांना अणूंमधले बंध आणि गुरुत्वाकर्षण घट्ट धरून ठेवतं. देवयानी तर सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगानं आपल्या जवळ येते आहे. प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या समूहांमधल्या अफाट अंतरांवर. "विश्व कशात पसरतंय?" याला उत्तर असं की पसरायला बाहेर जागा लागत नाही, आतली अंतरं वाढली की झालं, इलॅस्टिकवरच्या मुंगीला बाहेर न बघताही अंतरं वाढलेली कळतात. आणि "त्याच्या आधी काय होतं?" असं विचारलं तर सरळ सांगा की माणसाला ते अजून कळलेलं नाही. पहिल्या काही मिनिटांत काय घडलं याचा पुरावा आपल्याकडे आहे: त्या वेळच्या आगीत वस्तुमानाच्या सुमारे एक चतुर्थांश हेलियम बनायला हवा असं गणित सांगतं आणि तेवढाच सापडतो. त्याच्याही मागे, अगदी आरंभाच्या क्षणापाशी, आजची समीकरणं चालत नाहीत. हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकणं मुलांना फार आवडतं.

म्हणायचं कसं, तेही सुचवते. भाषण करू नका. वर्गात जा, फळ्यावर तोच ठिपका आणि तेच बाण काढा आणि म्हणा, "हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. हिनं विचारलेल्या प्रश्नानं ते उघडं पडलं. मी तिला गप्प बसवलं, ते करायला नको होतं." मुलीचं नाव घ्या, तिच्याकडे बघून बोला. मग डस्टर उचलून चित्र पुसा. तिला पुढे बोलावून कौतुक वगैरे नको, लाजऱ्या मुलीला ते शिक्षेसारखं वाटतं. टोक धरायलाही दुसऱ्याच कुणाला बोलवा. घराची खूण मात्र तिलाच निवडू द्या, तिच्या जागेवरून. ती कदाचित लगेच हात वर करणार नाही. दोन-चार तास जाऊ द्या, वाट बघा.

तिचा दुसरा प्रश्न राहिलाच: कुठल्या बाजूला बघायचं? कुठल्याही बाजूला बघ, म्हणून सांगा. लांब बघणं म्हणजे जुनं बघणं. जेम्स वेब दुर्बिणीनं आरंभानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी अस्तित्वात असलेल्या दीर्घिका पाहिल्या आहेत आणि त्यांच्याही मागे, आकाशाच्या प्रत्येक बिंदूच्या मागे, ती पहिली ऊब आहे.

आणि हो, इलॅस्टिक रुंद घ्या. अरुंद असलं तर मागच्या बाकावरून खुणा दिसत नाहीत.